काटा मारणारी मूठ

सांगलीच्या मार्केट यार्डातले व्यापारी कुमुदिनी आवटींना त्यांच्या माघारी 'काटाबाई' म्हणत. वैधमापन खात्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, बुडाला भोक पाडून आतलं शिसं काढून घेतलेलं वजन, इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात दडवलेली बारीक चिप. काटा मारायचे जेवढे म्हणून प्रकार असतात ते सगळे त्यांनी पकडले होते. दुकानात शिरल्यावर त्या आधी तराजू बघायच्या, मग माणूस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, यजमान जाऊन सहा, पण सवय काही गेली नाही. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभं राहण्याआधी त्या अजूनही खाली वाकून त्याचं शून्य तपासत.

त्यामुळे २०३४ साली 'हरिद्रा' ज्येष्ठ क्रीडा मंडळानं पॅडल निवडायचं काम त्यांच्याकडे दिलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

मंडळ भरायचं हळदीच्या एका जुन्या गोदामात. जमीन गुळगुळीत करून वर पिकलबॉलची चार कोर्टं आखली होती. हळद हलून कितीतरी वर्षं झाली होती, तरी तासभर खेळलं की पांढरे मोजे पिवळसर होत. खेळ साठीच्या पुढच्यांना झेपेल असा. टेनिसपेक्षा लहान कोर्ट, भोकाभोकांचा हलका प्लास्टिकचा चेंडू आणि टेबल टेनिसच्या बॅटची थोरली बहीण शोभेल असं पॅडल. धावपळ कमी, नेटजवळची हळुवार टोलवाटोलवी जास्त. एकच पीडा होती, कोपर. चौतीस सभासदांपैकी एकोणीस जणांच्या कोपराला पट्टा होता. खुद्द आवटीबाईंना सकाळी चहाचं पातेलं उजव्या हातानं उचलवत नसे.

"पॅडल टणक असलं की चेंडूचा हादरा सरळ हातात येतो," मंडळाचे अध्यक्ष मगदूम सर म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि फळ्यासमोर उभं असल्यासारखंच बोलत. "तरुण स्नायू तो पिऊन टाकतो. आपले स्नायूबंध आता वाळलेल्या वादीसारखे झालेत. सर्वांसाठी एकच, हाताला सोसेल असं पॅडल घेऊ. निवडा तुम्ही दोघं."

दुसरे होते दस्तगीर सतारमेकर. मिरजेचे तंबोरे करणारे, वय एकाहत्तर, आणि गेली तीन वर्षं आवटीबाईंचे दुहेरीतले जोडीदार. बाईंचं आयुष्य काटा स्थिर उभा करण्यात गेलेलं, दस्तगीरभाईंचं तार जास्तीत जास्त वेळ कंप पावत ठेवण्यात. दोघांचं जमायचं ते बहुधा त्यामुळंच.

जानेवारीत पाच कंपन्यांची पॅडल्स आली. बाईंनी प्रत्येकाचं वजन केलं. सुरीच्या धारेवर आडवं ठेवून तोल कुठं येतो ते पाहिलं. पुढं जड असलेली दोन तिथंच बाद केली. मुठीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला. मूठ बारीक असली की बोटं जास्त आवळतात आणि आवळलेल्या बोटांचं दुखणं कोपरात जातं, हे त्यांनी स्वतःच्या हातावरून शिकून घेतलं होतं. दस्तगीरभाईंची रीत वेगळी. ते पात्यावर नखानं टिचकी मारून कान लावत.

"ही कडक बोलती. ही पण. आणि ही..." पाचव्या पॅडलशी ते थांबले. "ही बोलतच नाही की ओ."

ते पॅडल म्हणजे 'निवांत'. ते घेऊन आलेल्या रेवती देशिंगकर कंपनीच्या अभियंता होत्या. चाळिशीच्या, शांत, प्रश्न पुरा ऐकून मग उत्तर देणाऱ्या.

"चेंडू आपटला की पातं सेकंदाला शेकडो वेळा थरथरतं," त्यांनी समजावलं. "ह्या मुठीत एक द्रव आहे. त्यात लोखंडाचे डोळ्याला न दिसणारे कण आहेत. चुंबकीय क्षेत्र मिळालं की तो क्षणात घट्ट होतो, क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ. मुठीतला संवेदक थरथर ओळखतो आणि द्रव ती हातापर्यंत पोचायच्या आत गिळून टाकतो. ही झाली चेंडूची थरथर. दुसरी असते हाताची. थोडा तर प्रत्येकाचाच हात हलतो. त्यासाठी मुठीच्या बुडाशी दोन इवलीशी वजनं आहेत. हात डावीकडं गेला की ती उजवीकडं सरकतात, आणि पातं जागच्या जागी राहतं. पहिल्या आठवडाभरात पॅडल आपल्या मालकाचा हात शिकून घेतं."

"आत सरकणारी वजनं?" आवटीबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "आमच्या खात्यात त्याला वेगळं नाव होतं."

रेवतीबाई हसल्या. आवटीबाई हसल्या नाहीत.

चाचणीसाठी सगळ्यांना एकेक 'निवांत' मिळालं. भिंतीवर नंबर घातलेल्या खिळ्यांना ती टांगलेली असत आणि तिथंच चार्ज होत. बाईंचं सात नंबरचं, दस्तगीरभाईंचं अकरा. दहा दिवसांनी बाईंनी सात नंबर घरी नेऊन आपली खास परीक्षा घेतली. पातं आडवं धरलं, वर काठोकाठ पाण्याची स्टीलची वाटी ठेवली आणि घड्याळ लावून मिनिटभर उभ्या राहिल्या. पाणी तेलासारखं निश्चल. वहीत त्यांनी पैकीच्या पैकी गुण लिहिले. ही वही हल्ली चांगली पुरते आहे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

महिन्याभरात कोपर दुखायचं थांबलं. पातेलं उचललं जाऊ लागलं. आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. काटा फारच सरळ उभा राहिला तर आधी दांडी तपासावी, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा नेम होता.

शंका आधी पॅडलची आली, मग दस्तगीरभाईंची. हा माणूस एरवी तंबोऱ्याचा भोपळासुद्धा आठ-आठ दिवस न्याहाळल्याशिवाय पसंत करत नसे. आणि पॅडलच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवसापासून एकच घोषा.

"हीच घ्या बाई. कशाला आणखी तपासायची?"

"चाचणी जूनपर्यंत आहे ना? मग घाई कसली?"

"घाई न्हाई ओ. चांगलंय ते चांगलंय."

एप्रिलमध्ये चार-पाच दिवस बाईंचे हळुवार फटके नेटमध्ये अडकू लागले. नव्या चष्म्याचा नंबर चुकला असावा, असं त्यांनी धरलं. त्याच आठवड्यात एका सकाळी त्या जरा लवकर आल्या, तर गोदामाच्या मागच्या दारापाशी दस्तगीरभाई आणि रेवतीबाई उभे. दस्तगीरभाईंच्या हातात एक पॅडल होतं. रेवतीबाईंनी त्याच्या मुठीला वायर जोडली, फोनवर काहीतरी खालीवर केलं आणि पॅडल परत दिलं. दोघंही इकडंतिकडं बघत होती. बाई खांबाआड थबकल्या. अशा इकडंतिकडं बघणाऱ्या माणसांवरच त्यांची नोकरी झाली होती.

"आज रेवतीबाई आल्या होत्या वाटतं?" त्यांनी कोर्टवर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठं? मला न्हाई दिसल्या," दस्तगीरभाई म्हणाले, आणि चेंडू उचलायला उगाचच लांब गेले.

त्या दिवशी त्यांची जोडी तिन्ही डाव जिंकली. बाईंना जिंकल्याचा आनंद झाला नाही. कोण खेळतंय, माणूस की मूठ? दस्तगीरभाईंनी स्वतःच्या पॅडलमध्ये काहीतरी करून घेतलं होतं, एवढं नक्की. तीन वर्षं ज्याच्या पाठीवर भरवसा ठेवून त्या नेटपाशी उभ्या राहत होत्या, तो माणूस तोंडावर खोटं बोलला होता.

त्यांनी पंधरा दिवस वाट पाहिली. चुकतमाकत सापडणाऱ्या पुराव्यापेक्षा बेसावध माणसाचा पुरावा पक्का असतो. मे महिन्यातल्या एका दुपारी गोदाम रिकामं असताना त्यांनी अकरा नंबरच्या खिळ्यावरचं पॅडल काढलं, पिशवीत घातलं आणि घरी आल्या.

स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी पातं आडवं धरलं. वाटी ठेवली. घड्याळ लावलं.

पहिले दहा सेकंद पाणी शांत होतं. मग मधोमध एक बारीक वलय उठलं. मग दुसरं. मग वलयांची रांगच लागली आणि पाणी काठावरून पात्यावर सांडलं.

'सापडलं!' त्यांना वाटलं. अकरा नंबर बिघडवलेलं होतं, ते आतून हलत होतं. नोंद करण्याआधी उलटतपासणी करायची म्हणून त्यांनी पॅडल डाव्या हातात घेतलं. वाटी पुन्हा भरली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. पाणी हललं नाही.

पुन्हा उजव्या हातात. दहा सेकंद शांत, मग वलयं.

बाईंनी पॅडल बाजूला ठेवलं. मग त्यांनी ओट्याखालून पोळपाट काढला. त्यात ना द्रव होता, ना चुंबक, ना सरकणारी वजनं. सागवानी लाकडाचा, सासूबाईंच्या वेळचा पोळपाट. तो उजव्या हातात आडवा धरून त्यांनी वर वाटी ठेवली आणि मनात आकडे मोजू लागल्या. नऊ, दहा, अकरा.

पाणी हललं.

अकरा नंबरचं पॅडल दस्तगीरभाईंचा हात शिकलेलं होतं. बाईंचा हात त्याच्या ओळखीचा नव्हता, म्हणून त्यानं काहीच झाकलं नाही. झाकत होतं ते सात नंबर. जानेवारीपासून, रोज दोन तास.

त्या खुर्चीवर बसल्या. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं त्या पंच्याहत्तर किलोच्या संशयित पोत्याकडं पाहत. थोड्या वेळानं अंगठा तर्जनीवर हळूहळू घासू लागला. त्यांनी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. वहीची पानं त्यांनी मागं उलटली. दोन वर्षांपूर्वीचं अक्षर हरभऱ्याएवढं होतं. आताचं मोहरीएवढं. वही पुरत होती ती म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पॅडल्स घेऊन त्या मिरजेला गेल्या. दस्तगीरभाई कारखान्यात एकटेच होते. वर वाळके भोपळे टांगलेले, पुढ्यात एक नवा तंबोरा. तारांखालच्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवत ते जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावत होते. केसभर जास्त घासलं तर आवाज मरतो, इतकं ते नाजूक काम. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. बाईंच्या हातातलं अकरा नंबर त्यांनी पाहिलं आणि कानस खाली ठेवली.

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. दोघं त्या हाताकडं बघत राहिले. अंगठा हलायला लागला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हांला?"

"दिवाळीपासनं." दस्तगीरभाईंचा आवाज खाली गेला. "बाकावर बसून मॅच बघत होता तुम्ही. मला आधी वाटलं, जप करताय. मग बघितलं, तर हातात माळच नव्हती."

"दिवाळीपासून! आणि माझ्याशेजारी उभं राहून रोज खेळलात?"

"माझ्या थोरल्या भावाला हेच झालतं बाई. त्यांच्यासारखी जवारी मिरजेत कुणी लावत नव्हतं. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं आणि त्या दिवशी भावानं कानस खाली ठेवली, ती परत उचलली न्हाई. हात चालत होता ओ! आणखी चार वर्षं चालला असता. पण नाव कळलं, आणि माणूस बसला तो बसलाच. दोन वर्षांत गेले." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "म्हटलं, तुम्हांला नाव कळायला नको. खेळताय तवर खेळू दे. ह्या बाईंचं मशीन आलं, ते हाताची थरथर मारतंय म्हणाल्या, म्हणून मी..."

"म्हणून 'हीच घ्या, हीच घ्या'."

"होय."

"आणि एप्रिलमध्ये मागच्या दारी?"

"ते तुमचं सात नंबर होतं. फटके नेटात जायला लागले होते तुमचे. मी रेवतीबाईंना म्हटलं, जरा वाढवून द्या."

बाईंच्या डोळ्यांपुढं ती सकाळ उभी राहिली. पॅडलचा नंबर तेवढा त्यांनी वाचला नव्हता. बत्तीस वर्षांत अशी चूक त्यांच्या हातून झाली नव्हती.

"दस्तगीरभाई, माझ्या हाताचं वजन तुम्ही मला न विचारता कमी केलंत. बाजारात ह्याला काटा मारणं म्हणतात."

"काटा मारतात ते गिऱ्हाइकाला लुबाडायला. माझ्या मनात तसं..."

"दुकानदाराच्या मनात काय होतं ते पारड्याला कळत नसतं. गिऱ्हाईक लुबाडलं जातंच." त्या उठल्या. अकरा नंबर त्यांनी तंबोऱ्याशेजारी ठेवलं. "पाच महिने आधीच मी डॉक्टरकडं गेले असते."

दस्तगीरभाई दारापर्यंत आले. त्यांनी हाक मारली नाही, आणि बाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

रेवती देशिंगकरांना त्यांनी गोदामातच बोलावून घेतलं.

"पॅडल हात शिकतं म्हणजे काय शिकलं ते कुठंतरी लिहून ठेवत असेल."

"ठेवतं."

"मग माझा हात बिघडलाय, हे तुम्हांला कळत होतं."

रेवतीबाईंनी होकारार्थी मान हलवली. "हाताची साधी थरथर सेकंदाला आठ-दहा वेळा असते. तुमच्या मुठीत पाचाच्या आसपास दिसत होती, एकाच हातात. त्याचा अर्थ बहुतेक वेळा काय असतो ते आम्हांला माहीत आहे. पण आम्हांला मान्यता क्रीडासाहित्य म्हणून आहे, बाई. पॅडलनं 'तुमचा हात कापतो' असं सांगितलं की ते वैद्यकीय उपकरण होतं. त्याच्या परवानगीला वर्षं लागतात."

"म्हणजे लपवायला परवानगी लागत नाही. सांगायला लागते."

बाईंनी टांगलेल्या पॅडल्सकडं बोट केलं.

"ह्या चौतिसांत माझ्यासारखे आणखी किती आहेत?"

रेवतीबाईंची नजर भिंतीवरच्या खिळ्यांवरून फिरली आणि लगेच खाली आली. "ते मला सांगता येणार नाही."

"एकही नसता तर 'नाही' म्हणाला असता."

रेवतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फोन काढला. "तुमची नोंद तुमची आहे. ती मी देते. कुणी दिली असं कुणी विचारलं, तर मीच दिली म्हणून सांगेन." थोड्या वेळात बाईंच्या फोनवर एक आलेख आला. जानेवारीपासून एक रेघ चढत गेली होती, मुंगीच्या पावलांनी.

डॉक्टरांकडं बाई एकट्याच गेल्या. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. मग आलेख पुन्हा पुन्हा पाहिला.

"इतक्या आधीपासूनची नोंद घेऊन माझ्याकडं आजवर कुणी आलेलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी नाव सांगितलं. कंपवात, पार्किन्सनचा आजार. "बरा होत नाही, पण औषधानं बराच काळ आवरता येतो. आणि व्यायाम औषधाइतकाच गरजेचा. काही खेळता का?"

"खेळत होते."

"मग सोडू नका. सोडणारे लवकर खचतात."

घरी येऊन बाईंनी चहा केला. पातेलं उजव्या हातानंच उचललं. मिरजेच्या त्या भावाची, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांना सारखी आठवण येत राहिली. दस्तगीरभाईंना भीती वाटली ती अगदीच खोटी नव्हती. त्या रात्री जेवताना आणि दुसऱ्या दिवशी उठतानाही त्यांना खुर्चीतच बसून राहावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला हाताला धरून उठवल्यासारखं उठवलं आणि अहवाल लिहायला घेतला. मुद्दाम मोठं अक्षर काढत, एकेका ओळीला थांबत.

जूनच्या सभेत सगळे चौतीस हजर होते. दस्तगीरभाई मागच्या रांगेत.

"हे पॅडल पाचांत सर्वांत चांगलं आहे," बाईंनी वाचलं. "माझं कोपर दुखायचं थांबलं. मी शिफारस करते. पण एका अटीवर. प्रत्येकानं दर महिन्याला मुठीवरचं थरथर आवरणारं हे बटण बंद करून, पात्यावर पाण्याची वाटी ठेवून एक मिनिट उभं राहायचं."

"ते कशासाठी?" मगदूम सरांनी विचारलं.

बाईंनी सात नंबर उचललं. बटण चालू होतं. वर वाटी ठेवली. पाणी आरशासारखं. मग डाव्या अंगठ्यानं त्यांनी बटण दाबलं. वर पंखे फिरत होते. पहिल्या रांगेतल्यांना वलयं दिसली. मागच्यांना पाणी सांडलेलं दिसलं.

"हे वाऱ्यानं झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "हा माझा हात आहे. मला हे पाच महिने कळलं नाही. आता ज्यांना बघायचंय त्यांनी पुढं यावं."

कुणी उठलं नाही. बाकीची तेहतीस माणसं आपापल्या मांड्यांकडं बघत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आवटीबाई, वाईट वाटलं ऐकून. पण आपण इथं खेळायला येतो, तपासणीला नाही." पुष्कळ माना हलल्या. मतदान झालं. पॅडल मंजूर झालं, अट नामंजूर. एवढंच ठरलं, की खिळ्यांजवळ एक टेबल आणि पाण्यानं भरलेली वाटी कायमची असावी, ज्याला वाटेल त्यानं वापरावी.

महिनाभर त्या वाटीला कुणी हात लावल्याचं दिसलं नाही. पण आवटीबाई सकाळी पहिल्यांदा गोदाम उघडायच्या तेव्हा एखाद्या दिवशी ते टेबल ओलं असायचं. कुणीतरी आदल्या दिवशी, सगळे गेल्यावर, एकटं उभं राहिलेलं असायचं. ओलाव्यातून हळदीच्या जमिनीवर चपलांचे ठसे उमटलेले दिसत. बाईंना ते माप घेता आलं असतं. बत्तीस वर्षांत त्यांनी ह्याहून अंधुक खुणांवरून माणसं शोधली होती. त्या फडकं घेऊन टेबल पुसत, ठसे पुसत आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरून ठेवत.

दस्तगीरभाई रोज येत, दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळत आणि निघून जात. सहाव्या आठवड्यात आवटीबाई बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

"माझ्यावर अजून राग असंल," दस्तगीरभाई समोर बघत म्हणाले.

"आहे. तो जाईल असं वाटत नाही. पण मला एक माणूस हवाय. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा बघणार. घरी मी एकटी. आणि स्वतःचा हात स्वतःला नीट दिसत नाही, हे मी बघितलंय. थरथर ओळखणारा तुमच्यासारखा कान आणि डोळा दुसऱ्या कुणाकडं नाही. दर रविवारी खेळायच्या आधी माझा हात बघायचा, आणि जे दिसेल ते तोंडावर सांगायचं. गोड करून नाही. जमेल?"

भावाला दस्तगीरभाईंनी कधी काही तोंडावर सांगितलं नव्हतं.

"जमवतो," ते म्हणाले.

पहिल्या रविवारी ते 'ठीक आहे' म्हणाले. बाईंनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. दस्तगीरभाईंनी मान खाली घातली आणि हात पुन्हा बघितला. "सुरू व्हायला आठ सेकंद लागतात," ते म्हणाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारीही आठच.

चौथ्या रविवारी बाकावर बसून बाईंनी हात मांडीवर उताणा ठेवला. दस्तगीरभाई वाकले. तंबोऱ्याच्या घोडीवर वाकतात तसे, श्वास रोखून. कोर्टवर समोरची जोडी तयार होऊन उभी होती. मिनिट गेलं असेल.

"वाढलंय," दस्तगीरभाई म्हणाले. नजर बाईंच्या डोळ्यांवरून हटली नाही. "सहालाच सुरू झालं. आणि आज करंगळी पण हलती."

बाई त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. सवयीनं त्यांनी त्या चेहऱ्यात काही दडवलेलं आहे का ते शोधलं. सापडलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "बुधवारी डॉक्टरांना फोन करते."

त्या उठल्या. खिळ्यावरून सात नंबर काढलं, त्याचं बटण स्वतःच्या अंगठ्यानं चालू केलं आणि रेघेमागं जाऊन उभ्या राहिल्या. दस्तगीरभाई डावीकडं आपल्या जागेवर आले. बाईंनी चेंडू वर धरला.

"शून्य, शून्य, दोन," त्यांनी दोन्ही बाजूंचे गुण आणि सर्व्हिसचा नंबर पुकारला, आणि सर्व्हिस केली.